जिनिंगच्या रस्त्यावरचा खांब

मित्रांनो, अर्धा जमिनीत आणि अर्धा उन्हात असा मी एक जुना दगडी खांब आहे. जालन्याच्या स्टेशनाकडून जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याकडे, जाणाऱ्या रस्त्यावर मी उभा आहे. मला पाहायला कुणी थांबत नाही, आणि ते योग्यच आहे. लोकांनी न थांबता, न घाबरता माझ्या बाजूनं निघून जावं, एवढ्यासाठीच मला इथं पुरलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, जाफराबादकडून कापसाच्या गाड्या येऊ लागत. गाडीची चाकं रस्त्यात मावत, कापूस मावत नसे. दोऱ्यांनी आवळूनही तो दोन्ही अंगांना पोटासारखा सुटलेला असे. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुकानांच्या भिंती. गाड्या जोडीनं आल्या की पायी माणसानं भिंतीला पालीसारखं चिकटायचं आणि सायकलवाल्यानं सायकल उचलून कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, अशी रीत पडली होती.

त्या जिनिंगमध्ये सोनूबाई कापूस निवडायला जायची. तिची मुलगी अंगावर पिणारी होती. दुपारचा भोंगा झाला की सासू सगुणाबाई नातीला कडेवर घेऊन जिनिंगच्या दारात जायची. सोनूबाई लेकराला पाजायची आणि सासू परत फिरायची. अंगावर पिणारी लेकरं असलेल्या सगळ्याच बायांचं असं चाले.

एका दुपारी कापसाच्या फुगाऱ्यानं सगुणाबाईला भिंतीवर दाबलं. लेकरू वाचलं, म्हातारीचं मनगट मोडलं. सोनूबाईचा नवरा दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला होता. घरची चूल तिच्या कामावर पेटत होती. लेकरू दारात येणार नसेल तर काम सुटणार, हे तिला कळून चुकलं.

ती बलदियात, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेत, गेली. बरोबर तारा वाटणारा रशीद होता. रस्त्याची व्यवस्था पाहणाऱ्या दरोगा रामरावांपुढं दोघं उभे राहिले.

"साहेब," रशीद म्हणाला, "तार जल्दी पोचवा म्हणता. मी काय बैलाच्या पोटाखालून सायकल काढू?"

"हंगाम चार महिन्यांचा. तेवढं सांभाळून चाला," रामराव म्हणाले.

"लेकराला चार महिने भूक लागणार न्हाई असं सांगता का मंग?" सोनूबाईनं विचारलं.

रामराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार करून एक तोड काढली. रस्त्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब पुरायचे. त्यांच्यामधून जी गाडी निघेल तीच आत येईल. बाकीच्यांनी बाहेर थांबून कापूस उतरवायचा.

तेव्हा माझा जन्म झाला. कडूबा पाथरवटानं मला काळ्या खडकातून काढलं. माझे कोपरे त्यानं घासून गोल केले. "बाया-लेकरं धडकतील. दगड हाय म्हणून दगडावानी वागू नये," असं तो मला म्हणाला. मला पुरलं त्या दिवशी नारळ फुटला. कौतुकाचा तो दिवस मला फार आवडला होता, हे मी लपवत नाही.

मित्रांनो, आता चूक सांगतो. मी दगड होतो आणि समोरचा होता कापूस.

रखमाजी नावाचा गाडीवान वडीगोद्रीकडून आला. त्यानं गाडी माझ्यापाशी थांबवली, साथीदाराला हाक मारली. दोघांनी खांदे लावून कापूस दोन्ही बाजूंनी दाबला, बैलांना टिटकारी दिली आणि गाडी आमच्यामधून अंग चोरून निघाली. पुढं गेल्यावर त्यांनी खांदे काढले. कापूस होता तेवढा पुन्हा फुगला. दुपारपर्यंत ही युक्ती सगळ्या गाडीवानांना पाठ झाली.

सगुणाबाईला हे ठाऊक नव्हतं. तोवर शेजारीण लेकराला नेत होती; मनगट सांधल्यावर सगुणाबाई पहिल्यांदाच नातीला घेऊन निघाली होती. पूर्वी ती भिंत धरून, मागंपुढं बघत चालायची. आता खांब पुरलेत म्हणून रस्त्याच्या बऱ्याच आतून, ताठ मानेनं चालली होती. तिची भीती मी घालवली होती, पण धोका घालवला नव्हता.

मागून रखमाजीची गाडी येत होती. कापसाच्या आडून त्याला कडेचं काहीच दिसत नव्हतं. समोरून रशीद आला. त्यानं ओरडून पाहिलं, पण चाकांच्या खडखडाटात म्हातारीला ऐकू गेलं नाही. त्यानं सायकल बैलांपुढं आडवी टाकली आणि सगुणाबाईला लेकरासकट ओट्यावर ओढलं. बैल बुजले, गाडी थांबली. सायकलचं पुढचं चाक पापडासारखं झालं होतं.

रखमाजी खाली उतरला तो शिव्या देतच. लेकराचं रडणं कानावर पडलं तशी त्याची जीभ थांबली.

"म्हातारे, मला खरंच दिसलं न्हाई गं."

"तुला कसं दिसंल?" सगुणाबाई धापा टाकत म्हणाली. "तू कापसात बसला व्हतास, मी रस्त्यात व्हते."

रामराव धावत आले. रखमाजीनं माझ्याकडं बोट केलं. "साहेब, लबाडी माझीच हाय. पण खरं सांगतो, तुमच्या खांबापाशी कापूस दम रोखून धरतो आणि पुढं गेला की सोडतो. दोन खांबांनी काय व्हणार?"

"मंग भिंतीच्या कडंनं रांगच लावा की," सोनूबाई म्हणाली. "आतून माणसं चालतील, बाहेरून गाड्या."

रामरावांना ते पटलं, पण व्यापारी आडवे आले. रस्ता अरुंद होईल, गाड्या एकामागून एक काढाव्या लागतील, माल खोळंबेल. रामरावांनी बेत बाजूला ठेवला.

दुसऱ्या दुपारी भोंगा झाला. आदल्या दिवशीच्या भीतीनं जिनिंगच्या दारात एकही लेकरू आलं नाही. तेव्हा सोनूबाईनं पदर खोचला आणि ती बाहेर पडली. तिच्यामागं इतर लेकुरवाळ्या निघाल्या.

"कुठं चालल्या?" मुकादम ओरडला.

"लेकराला पाजायला. ते येऊ शकत न्हाई, मंग आम्हीच जाऊन राह्यलो. तुम्ही येता का झोळी हलवायला?"

बाया गाड्यांच्या मधूनच सावकाश चालत गेल्या. गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या पाजून परत येईपर्यंत आत कापूस निवडायला हात पुरले नाहीत आणि यंत्रं नुसतीच फिरत राहिली. असं रोज होऊ लागलं. शेवटी जिनिंगच्या मालकानंच बलदियात निरोप धाडला, की खांब लवकर पुरा.

मी रस्त्याच्या तोंडाशी होतो, तिथून मला उपटून रांगेत बसवलं. माझ्या अलीकडं-पलीकडं तसेच गोल डोक्याचे भाऊ आले. गाड्या एकामागून एक जाऊ लागल्या, त्यामुळं पलीकडच्या कडेनं सायकलींनाही वाट मिळाली. जो गाडीवान फुगवून भरी, त्याचा कापूस ओरबाडून आमच्या अंगाला चिकटून राही. मग रखमाजीनंच सगळ्यांच्या आधी गाडी मापात भरायला सुरुवात केली. सगुणाबाई रोज आमच्या आतून जायची. सोनूबाईचं काम टिकलं.

त्यानंतर पुष्कळ हंगाम गेले. मोटारी आल्या, लॉऱ्या आल्या. राज्यही बदललं. मी तिथंच होतो, पण माझ्या मागची वाट भरत गेली. कुणी माझ्या गळ्यात बैलाचं दावं अडकवलं, कुणी आत पोती रचली, कुणी खाट टाकली. माणसं पुन्हा बाहेरून, लॉऱ्यांच्या बाजूनं चालू लागली. मला कुणी पाडलं नव्हतं, मित्रांनो. फक्त मी कशासाठी आहे ते लोक विसरले होते.

परवाच एक बाई लेकराला घेऊन आली. आतल्या वाटेत बांगड्या विकणाऱ्या अकबरबीची टोपली होती. ती पाहून बाई रस्त्याकडं वळली. मागून लॉरीचा भोंगा वाजला. अकबरबीनं वर पाहिलं आणि टोपली आपल्या गुडघ्यांशी ओढली.

"उधर कहाँ जाती गे माय? इधर से निकल, रस्ता खाली है."

बाई आत आली आणि निघून गेली.

माझं मागणं एवढंच आहे. मला रंग देऊ नका, हारही घालू नका. मी दगड आहे, गाडीला अडवू शकतो. पण माझ्यामागं ठेवलेली टोपली मला ओढता येत नाही. ती तुम्ही ओढा.