परीक्षेचं गोश्त

हाशिमला गोश्त कळतं, हे बहारीनमध्ये उम्म अल हस्समपासून नईमपर्यंतच्या सगळ्या कोकणी घरांना माहीत होतं. माहीत नसतं तर त्याने स्वतः जाऊन सांगितलं असतं, ती गोष्ट वेगळी. कुणाकडे साखरपुडा असो की बाळाचा अकीका, फोन हाशिमलाच यायचा. "भाई, जरा यासीनकडे येता का?" की निघाला हा, हातातलं काम टाकून.

नईमच्या यासीन खाटकाकडे तो उभा राहायचा तेव्हा बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा थांबून बघायची. आधी अंगठ्याने दाबायचं. खड्डा लगेच भरून आला तर ताजं. चरबी पिवळी असेल तर जनावर म्हातारं. उगाच चकचकत असेल तर पाणी मारलेलं. मग वास. आणि सगळ्यात शेवटी भाव विचारून चेहरा असा करायचा, की बिचारा यासीन आपणहून खाली उतरायचा.

शमाला नवऱ्याच्या या हुशारीचं एके काळी फार कौतुक होतं. पण गेलं वर्षभर हाशिम एवढं निवडून आणलेलं गोश्त ती जीव ओतून शिजवायची, आणि हा बाबा भाकरी रश्श्यात बुडवून खायचा, थोडं इकडेतिकडे करायचा आणि "पोट भरलं" म्हणून उठायचा. पूर्वी तिसरी भाकरी मागून घेणारा माणूस! तिने मसाला बदलला. रत्नागिरीहून बहिणीकडून, मसूदाकडून, नवा भाजून मागवला. उपयोग शून्य. आपल्या हाताची चव गेली, असं तिने मनाशी धरलं होतं आणि त्याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की वसकन अंगावर यायचा.

आजच्या शुक्रवारी मात्र तिला काळजी होती ती लेकीची, सदफची. आज तिला मागणी घालणाऱ्या अर्सलानची परीक्षा होती.

रीत शमाच्या माहेरची. मुलगी मागणाऱ्याला होकार द्यायच्या आधी बड्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं, गोश्त आणायला पाठवायचं. ज्याला गोश्त पारखता येत नाही तो संसार काय पारखणार, असा हिशेब. शमाच्या अब्बांनी हाशिमला असंच पाठवलं होतं, आणि त्याने आणलेलं बघून एका शब्दात "पसंत" म्हटलं होतं. हा किस्सा हाशिमने इतक्या वेळा सांगितला होता, की बहारीनमधल्या अर्ध्या कोकण्यांना तो तोंडपाठ होता.

अर्सलानमध्ये खोट काढायला जागा नव्हती. अहमदभाईंचा मुलगा, मूळचे श्रीवर्धनचे. जनाबियाच्या बंगल्यांमधले एसी बघणारा सुपरवायझर. आणि मुख्य म्हणजे सदफला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता, त्याच्याशिवाय ती दुसरं नावच घेत नव्हती. दोन-तीनदा घरी जेवूनही गेला होता. तरी हाशिमचं एकच: "शुक्रवारी जुम्म्यानंतर ये. दोन किलो घेऊन ये. मग बोलू."

"अब्बा, दिस इज सो अनफेअर!" सदफ म्हणाली होती. "त्याला एसीचं विचारा ना! एसीचं सगळं येतं त्याला."

"एसी शिजवून खायचाय का मला? आणि रायगडवाल्यांना मासळी कळते गं, गोश्त नाही. फेल झाला तर खलास. विषय संपला."

आणि हाशिमचं "खलास" म्हणजे खलासच असतं, हे मायलेकींना चांगलं ठाऊक होतं.

जुम्म्याची नमाज उरकून अर्सलान आला. सलाम केला, पिशवी ओट्यावर ठेवली. हाशिमने बाह्या सरसावल्या, कागद उलगडला, आणि त्याच्या भुवया जागच्या जागी थबकल्या.

"हे काय आहे?"

"बड्याचंच आहे, अंकल. ऑस्ट्रेलियाचं. बरगडीकडचं."

"ते दिसतंय. ही पांढरी जाळी कसली? आत कुणी दोरा भरलाय की काय? चरबी रे ही, चरबी! बाहेरची कापून तरी काढता येते, ही कशी काढणार? भाव काय दिलास?"

अर्सलानने भाव सांगितला. सदफने डोळे मिटून घेतले.

"या अल्ला! एवढ्यात यासीनने चौपट दिलं असतं! लालभडक, एक रेघ नाही चरबीची. दुकानदाराला काय विचारलंस तू?"

"सगळ्यात मऊ कुठलं, ते विचारलं."

"मऊ?" हाशिम कडाडला. "मऊ कशाला पाहिजे? इथे कोण म्हातारं झालंय? गोश्त दाताखाली आलं पाहिजे! दुकानदाराने ओळखलं, गिऱ्हाईक नवखं आहे, आणि गळ्यात मारलं. दिसतं तसं नसतं, बाबा, म्हणून तर जग फसतं."

अर्सलानने तोंड उघडलं, सदफकडे एकदा बघितलं, आणि परत मिटलं. "चुकलं असेल, अंकल," एवढंच म्हणाला.

हाशिम हात धुऊन बाल्कनीत जाऊन बसला. सदफ रडत खोलीत गेली. आता काय करावं? शमाला त्या पोराचा राग आला आणि कीवही आली. सदफने किती समजावून पाठवलं असेल त्याला, आणि हा शहाणा जाऊन महागडी चरबी घेऊन आला!

"अरे, यासीनकडे गेला असतास तर काय बिघडलं असतं?" ती चिडून म्हणाली. "जग जातं तिथे."

"आधी तिथेच गेलो होतो, आंटी." अर्सलानचा आवाज खाली आला. "रानाचं, म्हणजे मांडीचं गोश्त छान होतं. लाल, ताजं. अंगठा दाबूनसुद्धा बघितला. सदफने सगळं पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून. ते आणलं असतं तर पास झालो असतो."

"मग कुठे शेण खायला गेली होती तुझी अक्कल?"

तो बाल्कनीकडे बघत राहिला. "अंकलना सांगणार नाही ना?"

"बोल तर."

"मी जेवायला आलो ना, दर वेळी त्यांच्या शेजारीच बसलो. त्यांना चावता येत नाही, आंटी. डावीकडे तर दात टेकवतच नाहीत. तुकडा तोंडात घोळवतात, रस तेवढा घेतात, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून चोथा हाडांखाली सारतात. रानाचं आणलं असतं तर आजही तेच झालं असतं. मला वाटलं, मी आणलेलं पहिलं गोश्त, ते तरी त्यांनी पोटभर खावं."

शमा ओट्याला टेकून उभी राहिली. वर्षभर ती त्याची ताटं उचलत होती. हाडांसकट डब्यात पालथी करत होती. खाली काय आहे ते एकदाही बघितलं नव्हतं तिने. मसाला बदलत बसली होती!

"अरे मग तिथेच सांगायचं ना! 'खलास' म्हणाला तर तुझं आणि सदफचं काय?"

"सदफच्या समोर कसं सांगू? लेकीसमोर त्यांना काय वाटलं असतं?"

शमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि पातेलं खाली काढलं. "बस इथे. कांदा चीर. एसीवाल्याला कांदा चिरता येतो ना?"

कुकर तिने काढलाच नाही. मसूदाचा मसाला परतला, मोठे तुकडे सोडले, मंद आच ठेवली. ती पांढरी जाळी हळूहळू रश्श्यात उतरली, आणि घरभर असा वास सुटला की बाल्कनीतली खुर्ची दोनदा करकरली. तांदळाच्या भाकऱ्या होईपर्यंत हाशिम आपणहून येऊन बसला. "अन्नावर राग काढू नये म्हणून बसतोय," तो म्हणाला. "निकाल बदललेला नाही."

शमाने त्याच्या ताटात दोन तुकडे वाढले. हाशिमने सवयीने भाकरी रश्श्यात बुडवली. मग सगळे बघतायत म्हणून एक तुकडा तोंडात टाकला, उजवीकडे सरकवला आणि थांबला. जीभ लावायचा अवकाश, तुकडा विरघळला. त्याने दुसरा घेतला. तिसरा शमाने न विचारता वाढला. चौथा त्याने स्वतः ओढून घेतला. सदफ डोळे सुजवून एकदा बापाकडे, एकदा अर्सलानकडे बघत होती.

"भाकरी आहे का अजून?" हाशिमने विचारलं.

तिसरी भाकरी! शमा ती वाढताना हसू दाबत होती की रडू, तिचं तिलाच कळेना.

ताटात शेवटी रश्श्याचा थेंबसुद्धा उरला नाही. हाशिम त्या स्वच्छ ताटाकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने हळूच मान वळवली.

"सगळ्यात मऊ कुठलं, असं विचारलंस काय दुकानदाराला?"

"हो, अंकल."

"का रे?"

"सहजच." अर्सलान मान खाली घालून भाकरी मोडत होता. "सदफला मऊ आवडतं."

"सदफला?" सदफ म्हणाली. शमाने तिला कोपराने ढोसलं.

हाशिम पोराकडे बघत राहिला. मघाचा कडाडणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"महाग आहे," तो म्हणाला. "लूट आहे नुसती." मग पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. "पण पैसे वसूल. पसंत आहे."

सदफ किंचाळून आईच्या गळ्यात पडली. हाशिमने तिकडे बघितलंच नाही. तो उठला आणि हात धुता धुता, भिंतीला सांगावं तसं म्हणाला:

"शमा, अहमदभाईंना फोन लाव. आणि त्याआधी दातांच्या डॉक्टरला लाव. लेकीच्या लग्नात मी रस्सा पिऊन उठणार नाही."