घरचं टेबल

तपासनीसाने पितळी साचा स्नूकरच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात बसवला आणि हात काढून घेतला. साचा खडखडला. नियमाप्रमाणे तो बाटलीत बूच बसावं तसा बसायला हवा होता. हा मात्र बापाच्या चपलेत पोराचा पाय असावा तसा हलत होता.

"ढिलं आहे," तपासनीस म्हणाला.

"साचा?" शंभरीने विचारलं.

"साचा कसा ढिला असेल? पॉकेट ढिलं आहे."

तो टेबलाभोवती फिरला. चारही कोपरे झाले, मधली दोन झाली. साचा प्रत्येक ठिकाणी खडखडला. काउंटरमागे क्लबचा मालक, म्हणजे शंभरीचा मामा, एक काचेचा ग्लास पुसत होता. ग्लास मघाशीच स्वच्छ झाला होता, पण मामा त्याला सोडायला तयार नव्हता.

"सहाच्या सहा," तपासनीस म्हणाला. "या टेबलावर उद्याचा सामना होणार नाही."

शंभरीला वाटलं, माणूस विनोद करतोय. याच टेबलावर चौदाव्या वर्षी त्याने एकही बॉल न चुकवता, एका दमात शंभर गुण मारले होते. मामाने दुसऱ्याच दिवशी टेबलाच्या कडेला तशी पितळी पाटी ठोकली, आणि तेव्हापासून सगळे त्याला शंभरीच म्हणत. त्याची बायको तेवढी चिडली की खऱ्या नावाने हाक मारायची. एरवी माणसाची शंभरी भरते ती पापांनी. याची बॉलांनी भरली, असं मामा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत शंभरीचं नाव लागलं तेही याच टेबलावर. निवड स्पर्धेला हॉल मिळत नव्हता, मामाने क्लब फुकट दिला. टेबल सगळ्यांना सारखंच होतं, पण त्याच्या लाडांची सवय एकट्या शंभरीला होती. तो जिंकला आणि त्याने टपाल खात्यातली कायमची नोकरी सोडली. वरच्या साहेबाने राजीनामा दोनदा वाचून विचारलं होतं, "स्नूकर म्हणजे ते हिरवं टेबल? त्यात पगार असतो?"

पगार नव्हता. उशी होती. स्पर्धांची प्रायोजक गाद्यांची एक कंपनी होती आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ती उत्तेजनार्थ उशी देत असे. दोन हंगामांत शंभरी प्रत्येक स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. घरात बसायला जागा शोधावी लागे. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी त्याची बायको संध्याकाळी घरी आली की आधी उशा मोजायची, मग म्हणायची, "आणखी एक आणलीस तर आपल्यालाच बाहेर झोपावं लागेल."

हरण्यावर प्रत्येकाकडे औषध होतं. डोळे तपासून झाले. बूट बदलून झाले. मनाचा एक प्रशिक्षक लावला, त्याने आरशासमोर उभं राहून "मी वाघ आहे" असं म्हणायला लावलं. त्याच आठवड्यात वाघ चार-शून्यने हरला आणि उशी घेऊन आला. मामाचं निदान मात्र पहिल्यापासून एकच.

"हात तुझा देवाचा आहे. मन कच्चं आहे."

शंभरीला ते पटलं होतं. या टेबलावर डोळे मिटून जाणारे बॉल बाहेरगावी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबत. दुसरं कारण असणार तरी काय?

मग गाद्यांच्या कंपनीने अंग काढून घेतलं. या खेळाचे प्रेक्षक बसल्या जागी झोपतात, गादी विकत घेत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसरा प्रायोजक मिळेना. हॉलचं भाडं परवडेना, तेव्हा संघटनेने ठरवलं की पहिल्या फेरीचे सामने यापुढे चिठ्ठ्या टाकून दोघांपैकी एकाच्या घरच्या क्लबमध्ये व्हायचे. शंभरीची चिठ्ठी निघाली. समोर गेल्या वर्षीचा उपविजेता होता. हरला तर यादीतून नाव जाणार होतं, पण आता हरायचा प्रश्नच कुठे होता? घरचं टेबल! त्याने उशा माळ्यावर टाकल्या आणि बायकोला सोफ्यावर बसवून चहा करून दिला.

काटकसरीचा भाग म्हणून संघटनेने तपासनीस, टेबलमिस्त्री आणि पंच ही तिन्ही कामं एकाच माणसावर सोपवली होती. त्याच्या पिशवीत साचा होता, हत्यारांची पेटी होती आणि पंचाचे पांढरे हातमोजे होते. आता त्याने साचा पुसून आत ठेवला आणि पेटी बाहेर काढली.

"टेबल नापास. हे तपासनीस म्हणून सांगितलं. आता मिस्त्री म्हणून सांगतो, संध्याकाळपर्यंत नवीन रबर बसवून देतो. घाबरू नका."

"आणि परत तपासणार कोण?" शंभरीने विचारलं.

"मीच. पण कडक आहे हं मी. हयगय चालत नाही मला."

त्याने कडेची लाकडी पट्टी सोडवली, उलटी केली, आणि पॉकेटच्या तोंडाशी रबर कसं कापलंय ते बोटाने चाचपून पाहिलं. मग शीळ वाजवली.

"काम मात्र फर्स्ट क्लास हं. आतून असं तिरकं कापलंय की डोळ्याला पत्ता लागू नये. बॉल कडेला लागला तरी घसरून आतच जाणार. कोण कारागीर होता हा?"

मामाने ग्लास खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला, रबर डोळ्यांजवळ नेलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो! मीच की!" तो म्हणाला. "तरीच म्हटलं, एवढी सफाई कुणाची. तुम्हीच नव्हतं का बोलावलंत मला, मामा? तेव्हा मी नुसता मिस्त्री होतो."

मिस्त्री आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत राहिला.

"केव्हाची गोष्ट?" शंभरीने विचारलं.

"बरीच वर्षं झाली." मिस्त्रीने टेबलाकडे मान वळवली. "ही पाटी नव्हती तेव्हा."

शंभरीने पाटीकडे पाहिलं. मग अंगठ्याने ती पुसली, जणू तिच्यावर काहीतरी सांडलं होतं.

भाच्याने मामाला टोपी घातल्याच्या कथा घरोघरी असतात. इथे मामानेच भाच्याला मामा बनवलं होतं, आणि तेही इतक्या मायेने की भाचा वर्षानुवर्षं त्याच्या पाया पडत होता. शंभरी काउंटरशी गेला.

"क्लब बंद पडत होता रे," मामा ग्लासाला म्हणाला. "लोक यायचे, दहा बॉल मारायचे, नऊ बाहेर. पैसे देऊन अपमान करून घ्यायला परत कोण येणार? बॉल आत गेला की माणूस परत येतो. साधा हिशेब आहे. तुमच्या त्या संघटनेला अजून कळला नाही."

"आणि मी?"

"तू शंभर मारलेस. पेपरात फोटो आला. महिनाभर टेबलाला उसंत नव्हती."

"म्हणजे मी जाहिरात."

"जाहिरात कसली? भाचा आहेस."

"नोकरी सोडताना पेढे आधी इथे आणले होते मी. तेव्हा सांगायचं होतंत."

मामाचं पुसणं थांबलं. जन्मल्यापासून हा पोरगा त्याला 'अरे मामा' म्हणत आला होता. 'होतंत' ऐकून त्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"वाटलं, जमेल तुला," तो म्हणाला. "हात तर तुझा देवा—"

"मन कच्चं. ठाऊक आहे."

शंभरी बाहेर जिन्यात गेला आणि त्याने बायकोला फोन लावला. दुकानात गर्दी असावी. मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. त्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं मन कच्चं नव्हतंच?" ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग त्या वाघवाल्याचे पैसे परत मागता येतील का?"

तो हसला नाही. पलीकडून तिने त्याला खऱ्या नावाने हाक मारली. चिडून नव्हे. ते त्याला जास्तच लागलं.

"जेवून घे," एवढंच ती म्हणाली.

तो आत आला तेव्हा मिस्त्री टेबलाखाली होता आणि मामा दबक्या आवाजात काहीतरी समजावत होता. शंभरीला पाहून त्याने आवाज आणखी खाली आणला.

"ऐक. जुनी रबरं मी फेकू दिलेली नाहीत. आज हे पास होऊ दे. सकाळी सामन्याआधी तासाभरात परत चढवता येतील. समोरच्यालाही तीच पॉकेट, त्याचं काय नुकसान? मिस्त्री आपलाच माणूस आहे."

"मी काही ऐकलेलं नाही," टेबलाखालून आवाज आला. "तपासनीस चहा प्यायला गेलाय. मिस्त्रीला विचाराल तर सकाळचा दर वेगळा पडेल."

जुनी रबरं काउंटरवर ओळीने मांडलेली होती. शंभरीने एक उचललं. मऊ होतं, हाताला परिचित वाटलं, जरी त्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. बराच वेळ तो त्याला बोटांत वाकवत राहिला. मामाला आशा वाटली. त्याने खुर्ची पुढे केली.

"मिस्त्री," शंभरी म्हणाला, "नवीन घट्ट आवळा."

संध्याकाळी टेबल पास झालं. तपासनीसाने साचा लावला, तो बसला, आणि त्याने मिस्त्रीचं, म्हणजे स्वतःचं, अभिनंदन केलं. कापडावर इस्त्री फिरली. शंभरीने लाल बॉल मांडले आणि सरावाला सुरुवात केली. मामा सवयीने गुणांच्या लाकडी बोर्डाशी जाऊन उभा राहिला. त्या बोर्डावर दोन पट्ट्या होत्या, एक खेळणाऱ्याची, एक समोरच्याची, आणि प्रत्येकीवर सरकणारा पितळी काटा.

पहिला बॉल पॉकेटच्या तोंडाशी गेला, या जबड्याला आपटला, त्या जबड्याला आपटला आणि बाहेर राहिला. टक-टक. दुसरा आत गेला. तिसऱ्याने पुन्हा टक-टक केलं आणि सरकारी कचेरीच्या खिडकीशी माणूस उभा राहावा तसा तो कडेला उभा राहिला. तो आवाज शंभरीच्या ओळखीचा होता. बाहेरगावच्या प्रत्येक सामन्यात त्याने तो ऐकला होता. आजवर त्याला वाटत आलं होतं की हा आपल्या मनाचा आवाज आहे.

तो ओणवा झाला, नेम धरला, आणि तसाच सरळ झाला.

"फाऊल."

"कसला?" मामा म्हणाला.

"बाही लागली. त्या लालला."

"मला नाही दिसली."

"मला दिसली."

हे मामानेच शिकवलं होतं. क्यू, म्हणजे मारायची काठी, कसा धरायचा ते नंतर, हे आधी. बाही लागते, बॉल केसाएवढा हलतो, पंचाला दिसत नाही, समोरच्याला दिसत नाही. तेव्हा आपण उठायचं आणि आपणच सांगायचं. या खेळात चोर आणि पोलीस एकच असतो, म्हणून हा खेळ मोठा, असं तो सांगायचा.

मामाने समोरच्याच्या पट्टीवर फाऊलचे चार गुण सरकवले. पण त्याचा हात बोर्डावरून निघाला नाही. तो शंभरीच्या पट्टीकडे गेला आणि तिथलाही काटा चार घरं पुढे सरकला. मग पुन्हा चार.

"हे कशाचे?" शंभरीने विचारलं.

"फाऊल," मामा म्हणाला. तो बोर्डाकडेच बघत होता. "माझा."

काटा सरकत राहिला. चार, आणखी चार. खोलीत पितळ लाकडावर घासल्याचा तेवढा आवाज होता. शंभरावर पट्टी संपली, तसा काटा अडला आणि मामाचा हात खाली आला.

बाकावर बसलेल्या मिस्त्रीने पिशवीतून पांढरे हातमोजे काढले आणि चढवले.

"आता पंच म्हणून सांगतो," तो म्हणाला. "एकाने फाऊल केला की पुढचं दुसऱ्याच्या मर्जीवर. स्वतः खेळावं, नाहीतर ज्याने फाऊल केला त्यालाच परत खेळायला लावावं."

शंभरीने क्यू मामासमोर धरला.

"परत खेळा."

"मी? अरे, मी शेवटचा क्यू धरला तो पडदा अडकवायला."

"खेळा."

मामाने क्यू घेतला. त्याने सगळ्यात सोपा लाल निवडला, पॉकेटपासून वीतभर लांबचा. नव्या गिऱ्हाइकाला तो हाच बॉल मारायला द्यायचा, आणि तो आत गेला की टाळी वाजवायचा. त्याने चष्मा सावरला, नेम धरला आणि मारलं.

टक-टक.

बॉल पॉकेटच्या ओठावर येऊन थांबला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. मामा ओणवाच होता.

"मन..." तो म्हणाला, आणि त्याने तोंड मिटलं.

शंभरीने त्याच्या हातातून क्यू घेतला, टोकाला खडू लावला.

"उद्या बोर्डाशी तुम्ही उभे राहू नका," तो म्हणाला.

मग तो वाकला. ओठावरचा बॉल जरासा धक्का लागताच आत पडला.

सवयीने मामाचा हात बोर्डाकडे गेला. एक गुण पुढे सरकवायचा होता. पण काटा शंभरावर होता आणि पट्टी तिथेच संपत होती.