भातेवाल्यांची पायपेटी

मित्रांनो, गाण्याच्या खोलीत शिरल्यावर मी तुमच्या नजरेत भरणार नाही. भरलेच तर एखादे बुटके कपाट समजून तुम्ही माझ्यावर दप्तर ठेवाल. ठेवा, मला त्याची सवय आहे. पण माझे झाकण उचललेत तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळ दिसेल आणि खाली वाकलात तर पायाने दाबायच्या दोन फळ्या दिसतील. मी एक जुनी पायपेटी आहे. पाय चालले की माझ्या पोटातला भाता फुगतो, पट्टी दाबली की सूर निघतो, आणि पाय थांबले की मीही गप्प होते. एवढेच माझे शास्त्र.

मला घडवणारा कारागीर मोठा तिरसट होता. सुराचे एकेक पितळी पाते तो कानाशी धरून घासत बसे आणि जेवायला हाका मारल्या तरी उठत नसे. माझे एवढे ऐकले असते तर संसार सोन्याचा झाला असता, असे त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी तयार झाले तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि आता आयुष्यभर ओरडून घे, असे सांगून मला शाळेत पाठवून दिले. जिन्यावरून वर चढवताना हमालांची दमछाक झाली. तेव्हापासून मी याच खोलीत, खिडकीच्या डाव्या अंगाला आहे.

गाण्याचे सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. कोट सैल, आवाज मोठा आणि पाय एका जागी न ठरणारे. माझ्यापुढे स्टूल होते, पण सर त्यावर कधी बसले नाहीत. वाजवताना बसलो तर मागच्या रांगेतले चेहरे दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून ते माझ्या बाजूला उभे राहून एका हाताने पट्ट्या दाबत आणि दुसऱ्या हाताने ठेका दाखवत. मग भाता कोण चालवणार? त्यासाठी सर वर्गात सगळ्यात बेसूर कोण आहे ते शोधत.

हसू नका, खरेच सांगते. ज्या मुलाला घरी, दारी, वर्गात सगळे गप्प बस म्हणत, त्याला सर स्टुलावर बसवत. अशा मुलांना ते भातेवाले म्हणत. तुम्ही गाऊ नका, फक्त पाय चालवा, सगळ्या वर्गाचा श्वास तुमच्या पायात आहे, असे ते बजावत. मूल बिचारे जबाबदारीने घाम गाळी. काही आठवड्यांत त्याचा पाय, त्याचा श्वास आणि गाणे एका चालीत येई, आणि एके दिवशी त्याच्या नकळत तोंडातून ओळ बाहेर पडे. सर तिकडे बघतही नसत. फक्त त्या दिवशी ते माझ्या पट्ट्या जरा जोरात दाबत.

अशीच एक भातेवाली होती. ती घरी गुणगुणू लागली की तिची मोठी बहीण खिडक्या लावून घेई. वर्षभर तिने माझ्यापुढे पाय चालवले. पुढे ती शिकली, मोठी झाली आणि याच शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून परत आली. हातचा विसरू नका, हे वाक्य दिवसभर तोंडी असल्यामुळे मुले तिला पाठीमागे हातचा बाई म्हणत. मीही तेच म्हणते, पण प्रेमाने.

सरांचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ते स्टुलावर बसले नाहीत. मग एका सकाळी ते आलेच नाहीत. दुखणे थोड्याच दिवसांचे होते. त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा सातवीचा वर्ग माझ्यासमोर बसलेला होता. सगळी मुले तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली. नंतर कोणीतरी माझे झाकण लावले. हळूहळू माझ्यावर खडूंची खोकी आली, फुटका पृथ्वीगोल आला, खेळाची जाळी आली. मला सर फार आठवत. उभे राहणाऱ्या माणसाची सावली अंगावर पडायची थांबली की काय वाटते, हे मला तेव्हा कळले.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मनाने फार चांगल्या. सरांची आठवणसभा घ्यायची आणि त्या दिवशी मला दर्शनी दालनात काचेच्या कपाटात मानाने ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. गाण्याची खोली परीक्षेच्या कागदांना द्यायची आणि गाण्याचा तास गणिताला. सगळ्यांना हे पसंत पडले. काहींनी तर हातचा बाईंचे अभिनंदनही केले, कारण त्यांना आयता तास मिळत होता.

त्या दुपारी हातचा बाई एकट्याच खोलीत आल्या. त्यांनी माझ्यावरचा पसारा उतरवला, झाकण उघडले आणि स्टुलावर बसून नुसता भाता चालवत राहिल्या. पट्ट्यांतले त्यांना काही कळत नव्हते. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "सर, मी हे बंद पडू देणार नाही."

सभेत मुलांनी सर रोज सकाळी म्हणवून घेत ते गाणे माझ्या साथीने म्हणावे, एवढीच परवानगी त्यांनी मागितली. मोठ्या बाईंनी ती आनंदाने दिली. सातवीतल्या एका उंच मुलीला सरांनी पट्ट्या शिकवल्या होत्या. ती वाजवू लागली, बाई भाता चालवू लागल्या आणि मधल्या सुट्टीत तालीम सुरू झाली. मी घोगरी वाजत होते, पण गाणे उभे राहत होते.

मग सभा आठवड्यावर आली आणि बाईंच्या मनात आले की पेटी कशी नव्यासारखी झाली पाहिजे. त्यांनी बाही सावरून मला मागून उघडले. कुंचल्याने सुरांची पाती झाडली, उंदरांनी कुरतडलेल्या भात्याला चामड्याचे ठिगळ लावले आणि फळ्यांच्या बिजागऱ्यांत तेल सोडले. माझे अंग इतके हलके झाले की काय सांगू! एवढी माया माझ्यावर बऱ्याच दिवसांत कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालमीचा पार विचका झाला. अर्धी मुले आधी सुरू झाली, अर्धी नंतर. पुन्हा केले, पुन्हा तेच. उंच मुलीला वाटले तिचेच चुकते, आणि तिचे डोळे भरून आले. बाई चिडल्या, मग समजावू लागल्या, मग पुन्हा चिडल्या. दारावरून जाणाऱ्या मोठ्या बाई थांबल्या. त्या प्रेमानेच म्हणाल्या की लेकरांना ताण नको, सभेत सरांच्या आवाजाचे जुने ध्वनिमुद्रण लावू. त्या गेल्यावर बाईंनी पुन्हा एकदा तीच ओळ घ्यायला लावली.

शेवटी मागच्या रांगेतली एक बुटकी मुलगी म्हणाली, "बाई, पेटी आता श्वासच घेत नाही."

कोणाला काही समजेना. तिने फळीकडे बोट दाखवले. माझी डावी फळी दाबली की आधी कुईं असा आवाज निघत असे आणि मगच सूर येई. प्रत्येक ओळीआधी ती कुईं ऐकून सगळी मुले एकदम श्वास घेत होती. वर्षानुवर्षे तसेच चालले होते. सरांना ते ठाऊक होते की नव्हते, देव जाणे. मला तर नव्हतेच. ज्याला मी माझे म्हातारपण समजत होते, त्याच्या आधारावर पोरे गात होती, आणि बाईंनी मायेने नेमके तेच पुसून टाकले होते.

बाईंनी डावी फळी दाबून पाहिली; ती जराही कुरकुरली नाही. बिजागरीत थोडी माती टाकू या, असेही एकाने सुचवले. बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "नको. झालं ते बरंच झालं म्हणायचं. श्वास आता आपला आपण घ्यायचा. मला गाता येत नाही, पण या पेटीला श्वास कधी लागतो ते मला पक्कं माहीत आहे. माझ्या खांद्यांकडे बघा."

त्यांनी मला फिरवून घेतले, म्हणजे भाता चालवताना त्यांची पाठ सगळ्यांना दिसेल. खांदे वर गेले की श्वास, खाली आले की ओळ. मुले चुकली, बाई पुन्हा म्हणाल्या. डबे तसेच राहिले. बाईंच्या पोटऱ्यांत गोळे आले, तरी पाय थांबले नाहीत. मीही मनाशी ठरवले की भात्याचे ठिगळ सुटले तरी बेहत्तर, वारा कमी पडू द्यायचा नाही. सभेच्या आदल्या दिवशी तालीम ऐकून मोठ्या बाईंनी ध्वनिमुद्रणाचा विषय सोडून दिला.

सभेच्या दिवशी मला जिन्यावरून खाली दर्शनी दालनात आणले; दालन भरले होते. पुढे सरांच्या पत्नी बसल्या होत्या. बाजूला काचेचे कपाट कापडाने झाकून ठेवले होते आणि मी त्याच्याकडे बघायचे टाळत होते. बाईंचे खांदे वर गेले. सगळ्या मुलांनी एकदम घेतलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला, आणि गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्यात उंच मुलीचे बोट घसरले, पण मुले अडखळली नाहीत. बाईही गात होत्या, थोड्या बेसूर, पण मोकळ्या आवाजात.

गाणे संपल्यावर मोठ्या बाईंनी डोळे पुसले आणि कपाटावरचे कापड ओढले. आजपासून पेटी इथे मानाने राहील, तिला कोणी हातही लावणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या वाजू लागल्या. हातचा बाई स्टुलावरून उठल्या.

"मोठ्या बाई, सोमवारी तिसरा तास गाण्याचा आहे," त्या म्हणाल्या. "पाचवीची मुलं येतील. त्यांना कुठे पाठवू?"

"अहो, पण शिकवणार कोण? तुम्हाला कुठे गाता येतं?"

"नाही येत. सरांनी तरीही मला बसवून घेतलं होतं."

 मोठ्या बाईंनी एकदा रिकाम्या कपाटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात सरांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "कपाट वाया जाईल म्हणून काळजी करू नका. त्यांचा कोट आणि छत्री मी आणून देते. तसंही घरात त्यांच्या पसाऱ्यापुढे मला जागा उरलेली नाही. पेटी मात्र मुलांजवळ राहू द्या."

आधी कोणीतरी हसले, मग मोठ्या बाईच हसल्या. हमालांनी मला पुन्हा जिना चढवून वर आणले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा घरी, जग सोडून गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला नमस्कार करून बाजूला ठेवू नका. ती वापरा, बिघडली तर दुरुस्त करा, दुरुस्ती चुकली तर पुन्हा शिका. तुमच्या हातून ओरखडे पडले तर आमची काही तक्रार नाही. आम्हाला भीती वाटते ती कोणी हात न लावण्याची.

सोमवारी तिसऱ्या तासाला बाईंनी पाचवीतल्या एका बेसूर मुलीला स्टुलावर बसवले. स्वतः त्या बाजूला उभ्या राहिल्या, जिथे सर उभे राहत, आणि एका बोटाने त्यांनी पट्टी दाबली. पट्टी चुकीची होती. तो चुकीचा सूर मी अंगात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून वाजवला.