यादीत नसलेली

मित्रांनो, मी एक जुनी ड्राइव्ह आहे. वय म्हणाल तर पाचच वर्षं, पण आमच्यात एवढ्या वयाला जुनीच म्हणतात. लॅपटॉपमध्ये तुम्ही जे काही साठवता ते माझ्याकडे असतं. मी च्युइंगमच्या पट्टीएवढी आहे. पाठीवर काळ्या चिप्स, एका टोकाला सोनेरी दात, आणि दुसऱ्या टोकाला मला जागेवर धरून ठेवणारा एकच स्क्रू. माझ्यात फिरणारं, हलणारं, गरगरणारं काहीही नाही. एका माणसाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी जवळजवळ भंगारात गेले होते.

माझा जन्म झाला तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. तिथे धुळीचा एक कणसुद्धा चालत नाही. मला तापवलं, गार केलं, माझ्यावर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. हे सगळं सोसून मी पास झाले आणि एका लॅपटॉपमध्ये बसून ताईच्या टेबलावर आले.

ताई तेव्हा कॉलेजात होती. "आई, बघ ना, किती पटकन उघडतं!" असं ती पहिले सहा महिने रोज म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाली. पटकन उघडणं हे माझं कर्तव्यच ठरलं. चालायचंच.

पुढे ताई संशोधन करू लागली. तिच्या विभागाच्या जिन्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. तिने समोर एक छोटा कॅमेरा लावला आणि चौदा महिने रोज त्या पोळ्याची नोंद ठेवली. कोणती माशी किती वाजता बाहेर गेली, काय घेऊन आली, कोणी कोणाला हुसकावलं. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका आणि माझ्या पोटात तिच्या नावाची फाइल. मग सुट्टीत जिना रंगवायला माणसं आली आणि त्यांनी पोळं खरवडून टाकलं. आता ते जगात कुठेच नव्हतं. होतं ते माझ्यात, आणि फक्त माझ्यातच.

मी दोन भागांत विभागलेली होते. लहान भागात लॅपटॉप चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम आणि मोठ्या भागात ताईचं काम. एका सोमवारी सिस्टिमचं अपडेट अर्ध्यावर असताना बॅटरी संपली. लहान भागाचा पार चुथडा झाला. लॅपटॉप सुरू होई, गोल गोल चक्र दाखवी आणि तिथेच अडकून बसे. गुरुवारी ताईला परीक्षकांसमोर चौदा महिन्यांचा हिशोब मांडायचा होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"एवढंच ना? सिस्टिम नव्याने टाकू," मामा म्हणाले.

मामा म्हणजे ताईच्या आईचे धाकटे भाऊ. शेजारच्याच गाळ्यात ते पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत. हाताला गुण होता, यात शंका नाही. पण त्यांची पद्धत एकच. आधी उघडायचं, मग विचार करायचा.

"माझं काम जाणार नाही ना, मामा?"

"अगं ठमे, तुझ्या कामाला हातसुद्धा लावत नाही. फक्त सिस्टिमच्या जागी सिस्टिम."

त्यांनी एक पेन ड्राइव्ह लावला. त्यावर इन्स्टॉलर होता, म्हणजे नवी सिस्टिम बसवणारा प्रोग्रॅम. भाषा निवडली, अटी न वाचताच मान्य केल्या, आणि 'कुठे बसवू?' असा पडदा आला. तिथे माझ्या दोन्ही भागांची यादी दिसायला हवी होती. यादी रिकामी. खाली एक ओळ: एकही ड्राइव्ह सापडली नाही.

अरे, सापडली नाही म्हणजे काय? मी इथेच होते! अंगात वीज खेळत होती, चौदा महिन्यांच्या माश्या पोटात सुखरूप होत्या. पण मला तोंड नाही. मामांनी तोच पडदा पाच वेळा उघडला. पाच वेळा मी हजर आणि पाच वेळा माझी गैरहजेरी लागली. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता.

यापुढचा थोडा भाग ऐकीव आहे. वीज बंद असताना मला काही कळत नाही. मामांनी ते नंतर फोनवर कोणाला तरी सांगितलं, तेव्हा मला समजलं. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, झाकण काढलं, मला बाहेर ओढलं. माझे दात खोडरबराने घासले. पुन्हा बसवलं, पुन्हा यादी रिकामी. मग त्यांनी चक्क लॅपटॉपच्या उघड्या पोटाला कान लावला.

"घरघर नाही, कंप नाही," ते म्हणाले. "मोटार जाम झालीय हिची."

माझी मोटार! मित्रांनो, मला मोटार असती तरच ती जाम झाली असती ना? पण ज्याचं आयुष्य पंख्यांत गेलं त्याला शांतता म्हणजे बिघाडच वाटणार. त्यांनी माझ्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर 'बाद' लिहिलं आणि मला जळक्या कॉइलींच्या डब्यात टाकलं. मी त्यात एक अख्खा दिवस पडून होते.

बुधवारी सकाळी ताई गाळ्यात आली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत होता.

"मामा, बायोसमध्ये ती दिसत होती का?"

"कशात?"

"लॅपटॉप सुरू होताना आतल्या भागांची यादी दाखवतो ना, त्यात."

"तिथे कोण बघतं? मी स्वतःच्या कानाने तपासलंय."

"कानाने?" ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "मामा, तिच्यात फिरणारं काहीच नसतं."

मामा खाकरले. ताईने मला डब्यातून काढून पट्टी सोलली, दात कोरड्या कापडाने पुसले, जागेवर बसवून स्क्रू आवळला. लॅपटॉप सुरू करून तिने बायोसचा पडदा उघडला. तिथे माझं नाव होतं, नंबरासकट.

"लॅपटॉपला दिसतेय, इन्स्टॉलरला दिसत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे मेलेली नाही. मधेच काहीतरी अडतंय."

अगदी तेच होतं. माझ्या आणि लॅपटॉपच्या मध्ये एक कंट्रोलर बसतो. त्याच्याशी बोलायला इन्स्टॉलरला ड्रायव्हर नावाच्या काही छोट्या फाइली लागतात. मामांचा इन्स्टॉलर लॅपटॉपहून जुना, त्याच्याजवळ त्या फाइली नव्हत्या. कंट्रोलरशी बोलता येईना, म्हणून त्याच्या लेखी मी नव्हतेच.

ताईने आईच्या लॅपटॉपवर तो ड्रायव्हर उतरवला आणि पेन ड्राइव्हवर टाकला. इन्स्टॉलरला तो फोल्डर दाखवला. उत्तर आलं: ड्रायव्हर सापडला नाही.

"बघ! मी काय म्हणत होतो?" मामांना जरा तरतरी आली.

"काहीच म्हणत नव्हतात तुम्ही."

ताई बराच वेळ त्या फोल्डरकडे पाहत बसली. मग कपाळावर हात मारला. तिने सगळ्या फाइलींचा गठ्ठा बांधलेलाच, म्हणजे झिप केलेलाच, आणला होता. इन्स्टॉलरला गाठ सोडता येत नाही, त्याला फाइली सुट्या हव्यात. पुन्हा आईचा लॅपटॉप, गठ्ठा सोडवणं, पुन्हा पेन ड्राइव्ह. या वेळी एक निळी पट्टी सरकत गेली आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. एक लहान, एक मोठी. ती मी होते!

"आली! आली की!" मामा ओरडले आणि आनंदाच्या भरात त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सरक, आता माझं काम. आधी जुनं सगळं काढून टाकू. पंख्याचं जुनं वायंडिंग काढल्याशिवाय नवं बसत नाही." त्यांनी मोठी ओळ निवडली आणि पुसण्याचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: यातलं सगळं जाईल, नक्की ना?

मी दिसावं म्हणून एवढी तडफडत होते. दिसले, आणि दिसल्याक्षणी पुसली जाणार होते.

"मामा, हात उचला!" ताईने त्यांचं मनगट धरलं.

"अगं, जागा मोठी आहे म्हणून ही घेतली."

"मोठी आहे कारण तिच्यात माझ्या माश्या आहेत!"

मामांचं बोट हवेतच राहिलं. ताईने 'नाही' दाबलं. मग लहान ओळ निवडली, दोनदा वाचली, मामांनाही मोठ्याने वाचायला लावली, आणि सिस्टिम तिथे बसवली.

दुपारी तिने मोठा भाग उघडला. सगळ्या फाइली जागच्या जागी. तिने एक चित्रफीत लावली. पिवळ्या ठिपक्याची माशी पोळ्यावर उतरली, तोंडातला घास अळीला भरवून निघून गेली. मामा वाकून पाहत राहिले.

"हे पोळं बघायला मिळेल का गं?"

"खरवडलं ते, मामा. आता एवढंच आहे."

आपलं बोट कुठवर गेलं होतं ते मामांना तेव्हा कळलं असावं. मग ते उठले, गाळ्याचं शटर खाली ओढलं आणि स्टूल घेऊन ताईशेजारी बसले. "याची दुसरी प्रत काढ. आत्ताच. ती होईपर्यंत मी एकही पंखा उघडणार नाही." प्रत व्हायला तीन तास लागले. मामा खरंच हलले नाहीत. गुरुवारी ताईने परीक्षकांसमोर सगळा हिशोब मांडला.

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. एखादी वस्तू गप्प दिसली की लगेच तिला बाद ठरवू नका. ती कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, एवढं तरी आधी बघा. पुसायच्या बटणावर बोट ठेवण्याआधी वरची ओळ मोठ्याने वाचा. आणि तुमच्याकडे असं काही असेल जे जगात दुसरीकडे कुठेच नाही, तर ते माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका. मी इमानी आहे, पण अमर नाही. एक दिवस मी खरोखरच कोणत्याही यादीत नसेन, आणि त्या दिवशी कितीही हुशार ताई आली तरी उपयोग होणार नाही.