चांदभाईंनी बांधलेली कादंबरी

स्वारगेटच्या थांब्यावर एक माणूस भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसलेला. घड्याळ चालू.

खळीत मोरचूद घातला की झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत.

एका बाईनं नवऱ्याची पत्रं पुस्तकासारखी बांधून नेली. महिन्यानं परत आली. म्हणाली, उसवून द्या.

लिहिलेल्या पानाची पाठ बोटाला कळते.

२०१७ : कादंबरी शेवटच्या टप्प्यात आहे.

ही माझी वही. पहिल्या चार नोंदी कादंबरीसाठी जमवलेल्या, पाचवी एका दिवाळी अंकातली. 'सध्या काय लिहिताय?' असं तो अंक आम्हा लेखकांना दर वर्षी विचारतो. मी दर वर्षी हेच उत्तर पाठवतो.

अडचण अशी, की आमच्या वाचनालयाचे जुने अंक बांधायला चांदभाईंकडे जातात आणि चांदभाई बांधण्याआधी वाचतात. माझे वडील ग्रंथपाल होते, तेव्हापासूनची ही सवय. कादंबरी चांदभाईंवरच आहे, हेही त्यांना ठाऊक.

"या वर्षी पण शेवटचाच टप्पा का, प्रज्ञेश?" ते विचारायचे. "एवढ्यात पुण्याची मेट्रोसुद्धा झाली."

जूनमध्ये त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला.

"अब्बांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजवाही जातोय. मी त्यांना हडपसरला माझ्याकडे नेतेय, पण दुकान आवरू देत नाहीत. म्हणतात, प्रज्ञेशची कादंबरी बांधली की उठतो. संपलीय ना?"

"संपलीय," मी म्हणालो.

तीनशे सुटी पानं नेली. वरची अठ्ठावीस लिहिलेली, बाकी कोरी. त्यांना कुठे दिसणार होतं?

चांदभाईंनी गठ्ठा ठोकून कडा जुळवल्या. मग एकेक पान उचलत त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवू लागले. मी बॉलपेन दाबून लिहितो. तेव्हा मला वहीतली चौथी नोंद आठवली. ती त्यांनीच सांगितलेली होती.

एकोणतिसाव्या पानावर अंगठा थांबला. मग तिसाव्यावर. मग त्यांनी पुढची पानं उचललीच नाहीत.

"काय झालं, अब्बा?" नसीम म्हणाली.

"काही नाही. जाड आहे. याला चहा सांग."

चार दिवसांनी गेलो, तर दुकानातली मांडणी रिकामी. कादंबरी तेवढी टेबलावर. लाल कापड, पाठीवर माझं नाव. शिवण सरळ. एकही कोरं पान गाळलेलं नव्हतं.

"शेवट काय केलात हो?" नसीमनं विचारलं. "अब्बांना सांगा ना."

मी तोंड उघडलं.

"राहू दे," चांदभाई म्हणाले. "मला कळला." आणि काठी शोधायला लागले.

दिवाळी अंकाचं पत्र यंदाही आलंय. 'सध्या काय लिहिताय?'

ती अठ्ठावीस पानं मी २०१४च्या मे महिन्यात, नऊ दिवसांत लिहिली होती.