माझ्या धंद्यावरचं वचन

आमच्या चर्चच्या पाळकांशी माझं वीस वर्षं एकाच वचनावरून वाजत होतं. एक माणूस प्रभूला म्हणतो, आधी बापाला पुरून येतो. प्रभू म्हणतो, मेलेल्यांना मेलेलेच पुरतील, तू माझ्यामागे ये. आता मला सांगा, मी कबरी खणतो. माझा बापही खणायचा. मग आम्ही बापलेक जन्मभर कोण, मेलेले? ज्या रविवारी हे वचन वाचलं जायचं, त्या रविवारी मी उठून बाहेर यायचो आणि कबरस्तानाच्या फाटकाला तेल घालत बसायचो.

पाळक मागाहून समजूत काढायला यायचे. "अहो, प्रभूचं बरंचसं बोलणं असं उलटंच आहे. जीव जपायला गेलात तर घालवाल, पुढे घुसलात तर मागे जाल. ऐकायला कडू, पण आत गोड."

"आतलं गोड तुम्ही खा," मी म्हणायचो. "मेलेलेच पुरणार असतील तर दर वेळी मला कशाला बोलावणं धाडता?"

ते हसायचे. मला नाही हसू यायचं. आमची ही मात्र एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुम्हाला वचन टोचतंय की काम, ते आधी ठरवा." तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसायचा.

आमची ही मंगळवारी दुपारी गेली. दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तरी माणूस जाईल असं वाटत नाही हो. पाळकांनी बुधवारी अकराची वेळ ठरवली. आमच्या धंद्यात एक नियम आहे. घरच्या माणसाची कबर घरच्यानं खणायची नाही. डोळ्यांत पाणी असलं की कडा वाकड्या येतात. नदीपलीकडच्या खणणाऱ्याच्या बायकोसाठी मी गेलो होतो, आता तो माझ्याकडे येणार होता. सकाळी आठला पोचतो, असा त्याचा निरोप आला.

संध्याकाळी इस्पितळाची मेट्रन आली. आमची एकुलती एक मुलगी तिच्या हाताखाली नर्स आहे. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर घटसर्प पसरला होता, पोरांचे श्वास कोंडत होते. सकाळी सातला गाडी निघणार होती आणि मुलीचं नाव आठवडाभर आधीच लागलं होतं.

"ये असं मी म्हणणार नाही," मेट्रन तिला म्हणाली. "पण गळ्यात नळी घालायला तुझ्याइतका बसलेला हात आमच्यात नाही, हेही खोटं सांगणार नाही."

माझ्या नाकावरचा राग जिभेवर आला. "तिची आई अजून घरात आहे, बाई," मी म्हणालो. मेट्रन मान खाली घालून गेली. मुलगी आईच्या पायाशी जाऊन बसली. मला वाटलं, विषय मिटला.

सकाळी सहाला पाहतो तर पोरगी नर्सच्या कपड्यांत स्टुलावर बसलेली. पिशवी दाराशी, बूट पायात, नाड्या मोकळ्या.

"बाबा, तुम्ही नको म्हणा," ती म्हणाली. "एकदाच म्हणा. मग मी नाही जाणार."

नको हा शब्द माझ्या ओठांवर होता. खरं सांगतो, तिनं थांबायला हवं होतं ते तिच्या आईसाठी नाही, माझ्यासाठी. चाळीस वर्षं मी कबरीच्या कडेला उभा राहिलोय, पण हातात फावडं घेऊन. रिकाम्या हातांनी तिथे कसं उभं राहायचं, हे मला येत नाही. मला भीती वाटत होती. तिचा दंड धरून उभा राहीन, असं मी रात्रभर मनाशी घोकत होतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "मी गेले तर आईचं कोण करणार?"

मी खाली बसलो आणि तिच्या नाड्या बांधल्या. शाळेत जायची तेव्हा बांधायचो तशाच, दुहेरी गाठीच्या.

"मेलेल्यांना पुरणारा या घरात आहे," मी म्हणालो. "तू तुझ्या कामाला जा."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात. मग ती गेली आणि मी कुदळ, फावडं घेऊन कबरस्तानात गेलो.

सातला गाडी भिंतीपलीकडून गेली तेव्हा मी गुडघाभर आत होतो. आठला नदीपलीकडचा आला. त्यानं मला खड्ड्यात पाहिलं, नियमाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि वरची माती बाजूला ओढायला लागला. डावी कड वाकडी आली होती. त्यानं बोट दाखवलं. मी म्हटलं, राहू दे.

अकराला पाळकांनी पुस्तक उघडलं आणि हळूच विचारलं, "काय वाचू?"

"ते वाचा," मी म्हणालो. "माझ्या धंद्यावरचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे.

"वाचा," मी म्हणालो. "आज मी इथेच आहे."