माझ्यावर खुशाल बसा, पण त्याच्यावर नको

घाबरू नका, मी बोलतोय. तळ्याकाठच्या शेडमध्ये, खिडकीखालच्या बाकावर पडलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. तुम्हाला घाबरू नका म्हणतोय खरा, पण या शेडमध्ये सगळ्यात भित्रा मीच!

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात माझ्या पोटात फोमच्या जाड पट्ट्या भरल्या आणि एका धिप्पाड माणसाला माझ्यासकट हौदात ढकललं. तो बुचासारखा टुणकन वर आला. माझी छाती काय फुगली म्हणून सांगू!

मग आलो तो नवशिक्यांना कयाकमधून तळ्यावर फिरवून आणणाऱ्या मास्तरांकडे. माणूस सोन्यासारखा. वल्हं कसं धरायचं, बोटीत बसताना आधी बूड टेकायचं की पाय, हे न चिडता पुन्हा पुन्हा सांगणारा. पण काठावरचा कट्टा उन्हात तापायचा. चहा आला की मंडळी खुंटीवरचं एकेक जॅकेट ओढून बसायला खाली घ्यायची. मास्तरांना मीच लागायचो. "हे मऊ आहे रे," म्हणायचे.

रोजच्या त्या वजनाने माझा फोम जुन्या गादीसारखा दबून गेला. वरून मात्र मी झकास. बक्कल चकचकीत, शिलाई शाबूत. सकाळी मास्तर माझे पट्टे ओढून बघायचे, पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ठणठणीत!" पण पोटातला दबलेला फोम त्यांना दिसणार कसा?

निघण्याआधी काठाजवळच्या पाण्यात पाय उचलून तरंगून बघा, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे. पण सक्ती नव्हती. धीट माणसं हसून थेट बोटीत बसायची. मी अशांच्याच वाट्याला यायचो आणि त्यांच्यातलं कुणी कधी उलटलं नाही, म्हणून माझं बिंग फुटलं नाही.

मग एक मावशी आली. भाचीने तिला हट्टाने आणलं होतं. पाणी नुसतं बघूनच बिचारी दोन पावलं मागे सरली. मास्तरांनी नेमकं मलाच तिच्या अंगावर चढवलं. तिच्या काळजाची धडधड मला थेट ऐकू येत होती.

"निर्धास्त राहा मावशी. हे घातल्यावर बुडायचं ठरवलंत तरी बुडणार नाही."

अहो मास्तर, बुडेल ती! जीव तोडून ओरडावंसं वाटलं. पण मला कुठलं तोंड?

बाकीचे बोटीत बसून वाट बघत होते. मावशी पाण्याच्या कडेला उभीच.

"चल ना गं मावशी," भाची वैतागली. "सगळे खोळंबलेत. तो काठावरचा पोरखेळ राहू दे."

"राहू दे कसा? मला भीती वाटते बाई. मी आधी इथेच बघणार."

भाचीचा हात घट्ट धरून ती छातीभर पाण्यात गेली. डोळे मिटून तिने पाय उचलले. मी सगळं बळ लावलं, पण बळ होतंच कुठे! पाणी तिच्या हनुवटीला लागलं, ओठांवर आलं, नाकात शिरलं. भाची किंचाळली, तिने मावशीला दंडाला धरून ओढलं. पायाला तळ लागला तशी मावशी ठसकत उभी राहिली.

मास्तर धावत आले. त्यांनी मला उतरवून मुठीने दाबलं. पडलेला खळगा वर येईना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "यावर मीच बसत होतो," एवढंच बोलले. कात्री आणून त्यांनी माझे पट्टे कापले, म्हणजे पुन्हा कुणी मला घालायला नको.

मावशीने दुसरं जॅकेट घातलं, पुन्हा पाय उचलून पाहिले आणि मगच बोटीत बसली. ती परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

आता मी इथली बैठक झालोय. बसा खुशाल, माझं काही म्हणणं नाही. पण काल मास्तर पाण्यावर असताना चहा आला. दोघं माझ्यावर टेकली, तिसऱ्याला जागा उरली नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खुंटीवरचं नवंकोरं लाल जॅकेट ओढलं.

"हे मऊ आहे रे," तो म्हणाला.

अहो, तुम्हाला तरी तोंड आहे ना? मग ओरडा की!